रिकामा हौदा

भाचा नेदरलँड्समध्ये नोकरीला आहे. मागच्या हिवाळ्यात त्यानं एक फोटो पाठवला. विटांच्या घरांची अरुंद गल्ली, कडेला सायकलींची रांग आणि त्या रांगेला खेटून उभी असलेली एक काळी, धिप्पाड अमेरिकन गाडी. नाक पार्किंगच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या आत, मागचा भाग दोन हात बाहेर. खाली ओळ होती, 'मामा, इथं पण पिकअप आली बरं का!' मी विचारलं, 'हौद्यात काय भरलंय?' उत्तर आलं, 'काही नाही. रिकामाच असतो.'

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला हे पचायला जड आहे. आमच्याकडे पिकअप रिकामी दिसते ती परतीच्या वाटेवर, आणि तेव्हा ड्रायव्हरचं तोंड उतरलेलं असतं, कारण परतीचं भाडं मिळालेलं नसतं. बाकी वर्षभर तिला उसंत नाही. सोयाबीनची पोती खामगावच्या बाजार समितीत, कापूस जिनिंगवर, संग्रामपूरकडची संत्री बाहेरगावी, देऊळगाव राजाच्या शेडनेटवाल्यांचं सामान, लग्नाचा मंडप, सैलानीच्या यात्रेला निघालेलं अख्खं कुटुंब, आणि कुणी आजारी पडलं तर तेही. हौदा रिकामा ठेवायचा म्हणजे पाटाला पाणी सोडून वावर कोरडं ठेवण्यासारखं.

फोटोनं डोक्यात किडा सोडला. मी टेप घेतला आणि घरासमोर उभ्या राहणाऱ्या गाड्या मोजायला लागलो. शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, काऊन टेप घेऊन फिरून राह्यले? गाडी घ्याची हाय का?" घ्यायची नव्हती. पण मोजल्यावर जे हाती आलं ते गमतीचं होतं.

टाटांचा छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, २००५ साली बाजारात आला तेव्हा जेमतेम ३.८ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद होता. दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं इंजिन, पाऊण टन माल नेण्याची परवानगी. आणि हौदा? सात फुटांहून थोडा जास्तच. आता युरोपात गाजणारी अमेरिकन पिकअप, रॅम १५०० घ्या. लांबी ५.९ मीटरच्या आसपास, रुंदी आरसे सोडून २.०८ मीटर. पाच जणांच्या ऐसपैस केबिनची जी रॅम सर्रास खपते तिचा हौदा भरतो साडेपाच फूट आणि वर एक-दीड इंच. म्हणजे गाडी हत्तीपेक्षा दोन मीटरनं लांब आणि हौदा दीड फुटानं आखूड. माल नेण्याची ताकदही, सगळ्या सोयी चढवलेल्या प्रकारात, छोट्या हत्तीच्या आसपासच येते. हे मी भाच्याला कळवलं तेव्हा त्यानं आधी विश्वासच ठेवला नाही.

यात जादू काही नाही. हत्तीचा ड्रायव्हर पुढच्या चाकांच्या वर बसतो. त्याच्यापुढे बॉनेट नाही, काच आणि पत्रा संपला की थेट रस्ता. जेवढी लांबी आहे तेवढी मालाला. रॅममध्ये आधी लांबलचक बॉनेट, मग सोफ्यासारख्या दोन ओळी, आणि उरलं तर हौदा. एक गाडी मालाभोवती बांधली आहे, दुसरी बसणाऱ्याभोवती. हत्तीच्या रचनेत ड्रायव्हरचे गुडघे आणि समोरचा ट्रक यांच्यात एक पत्राच असतो, हेही सांगितलं पाहिजे. समोरासमोर धडक झाली की किंमत त्याला मोजावी लागते. स्वस्त गाडीचा फायदा फुकट आलेला नाही.

आमच्याकडची खरी पिकअप मात्र हत्तीपेक्षा मोठी आहे. बोलेरो पिकअपचे मोठे प्रकार पाच मीटरच्या वर जातात, दीड टनाच्या आसपास माल नेतात. पण रुंदी पाहा. १.७ मीटर. दारात सजवून उभ्या केलेल्या फॉर्च्युनरची रुंदी १.८५५ मीटर. राबणारी गाडी लांब आहे, पण कंबरेनं बारीक, कारण तिला गल्लीत शिरायचं असतं. बसून मिरवायची गाडी रुंद, कारण दोन माणसांच्या मधे हात टेकवायला जागा हवी.

आता एक आडवळण घेतो. 'टेम्पो' हा शब्द आपण इतका सहज वापरतो की तो परका आहे हे ध्यानातही येत नाही. टेम्पो हे जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कारखान्याचं नाव होतं. विडाल आणि मुलगा अशी ती पेढी, १९२०च्या दशकात सुरू झालेली. ती छोट्या दुकानदारांसाठी तीनचाकी मालगाड्या बनवायची. त्यातली हॅन्सिएट ही तीनचाकी फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीनं १९५८च्या सुमारास इथं बनवायला घेतली आणि तिचं कारखान्याचं नाव मराठीत कायमचं रुजलं. पुढे मॅटाडोर आली, तिलाही टेम्पोच म्हणू लागले. आज चारचाकी, सहाचाकी, कुठल्याही कंपनीची मालगाडी असो, आमच्या पाटीवर 'टेम्पो मिळेल' असंच लिहिलेलं असतं.

ॲपे या तीनचाकीचंही तसंच. इटालियन भाषेत त्याचा अर्थ मधमाशी. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत लोकांकडे पैसा नव्हता आणि गावांच्या गल्ल्या मध्ययुगातल्या होत्या. म्हणून पियाजिओनं १९४८ साली स्कूटरला मागे दोन चाकं आणि हौदा जोडून ही गाडी काढली. पन्नास वर्षांनी ती बारामतीत बनू लागली आणि मोताळा-नांदुऱ्याच्या रस्त्यावर माणसं, शेळ्या, भाजी काहीही वाहू लागली. २०२४च्या अखेरीस इटलीतल्या पोंतेदेरा इथलं तिचं उत्पादन थांबलं, युरोपचे प्रदूषणाचे आणि सुरक्षिततेचे नियम तिला झेपेनात. आता ती फक्त भारतात बनते. म्हणजे ज्या खंडानं जगाला अरुंद गल्लीत मावणारी मालगाडी शिकवली, त्याच्याच गल्लीतून ती मधमाशी उडाली आणि तिच्या जागी रॅम येऊन बसली. भाच्याच्या फोटोत मला हे सगळं दिसत होतं.

युरोपात ही गाडी आली कशी, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात आवडीइतकाच कागदाचा भाग आहे. युरोपात गाडी विकायची तर तिच्या जातीला एकदाच मोठी परीक्षा द्यावी लागते. अमेरिकन पिकअपची जात त्या परीक्षेला बसलेलीच नाही. पण एकेक गाडी सुटी आयात करणाऱ्यांसाठी एक वेगळी, सैल वाट ठेवलेली आहे. मुळात ती मोजक्या हौशी लोकांसाठी होती. आयातदारांनी तिचाच राजरस्ता केला. त्यात पिकअप म्हणजे कागदोपत्री मालगाडी, धंद्याची गाडी. नेदरलँड्समध्ये व्यावसायिकाच्या नावावर मालगाडी घेतली तर खरेदीवरचा मोठा कर माफ होता, ती माफी २०२५च्या १ जानेवारीपासून बंद झाली. ब्रिटनमध्येही कंपनीनं दिलेल्या दोन ओळींच्या पिकअपला मालगाडीची करसवलत मिळायची, ती त्याच वर्षी एप्रिलपासून काढली. हौदा रिकामा असला तरी चालतो, त्याचं काम कागदावर असतं. हौद्याचा आणि करखात्याचा संबंध सुतारानं नाही, वकिलानं जोडलेला आहे.

हे वाचून हसण्याआधी आपल्या माणसं नेणाऱ्या बोलेरोकडे बघा. २००६च्या अर्थसंकल्पात केंद्रानं छोट्या गाड्यांवरचं उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी म्हणजे कोणती? लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल असेल तर इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. चार मीटर हा आकडा कुठल्या गावच्या गल्लीत मोजून आलेला नव्हता. पण तो पडला आणि सगळ्या देशाच्या गाड्यांना कात्री लागली. डिक्की कापलेल्या, शेपूट तुटल्यासारख्या दिसणाऱ्या गाड्या आल्या त्या तेव्हापासून. बोलेरो २००० साली आली तेव्हा चार मीटरच्या थोडी वर होती. २०१६ साली तिची नवी आवृत्ती निघाली, लांबी ३९९५ मिलिमीटर, इंजिन १४९३ सीसी. मर्यादेत पाच मिलिमीटर आणि सात सीसी शिल्लक. टेलरनं कापड असं बेतलं तर त्याला लोक शाबासकी देतील.

उलट बाजूनंही तोच खेळ झाला. २०१३ साली मोठ्या एसयूव्हीवर जादा शुल्क लावायचं ठरलं, तेव्हा एसयूव्ही म्हणजे काय हे सांगावं लागलं. लांबी चार मीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर आणि जमिनीपासून पोट १७० मिलिमीटर किंवा जास्त उंच. तिन्ही अटी लागू झाल्या तरच. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीची नवी घडी बसली तेव्हाही छोट्या गाड्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के अशी वाटणी झाली, आणि चार मीटरची रेघ जिथल्या तिथं राहिली. लांबीला भाव आहे. रुंदीला नाही, बॉनेटच्या उंचीला नाही, वजनाला तर मुळीच नाही. महाराष्ट्राचा वाहनकरही गाडीची किंमत आणि इंधन पाहतो, तिचा घेर पाहत नाही. मग कारखानदारानं गाडी कुठं फुगवायची? जिथं कर नाही तिथं. वर आणि आडवी.

देशात २०२४-२५ या वर्षात ४३ लाखांच्या आसपास प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. त्यांतल्या ६५ टक्के युटिलिटी वर्गातल्या, म्हणजे उंच, चौकोनी. या सगळ्या अवाढव्य असतात असं नाही. बऱ्याचशा म्हणजे उंच टाचांचे बूट घातलेल्या छोट्या गाड्याच. तरी वारं कुठल्या दिशेचं आहे ते कळतं.

आमच्या जिल्ह्यात उंच गाडीला कारण आहे, हे मी मान्य करतो. जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाण्याहून मलकापूरला उतरायचं तर राजूर घाट, खामगावला जायचं तर बोथ्याचा घाट आणि ज्ञानगंगेचं जंगल. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, भारी जमीन. आषाढात तिच्यात चाक रुतलं की बैलाला बैल जोडावा लागतो. एका पावसात कच्च्या रस्त्याचं लोणी होतं. तिथं जमिनीला टेकणारी शहरी गाडी काय कामाची? म्हणून आधी कमांडर जीप आली, काळीपिवळी आली, ट्रॅक्स-क्रूझर आली, मग बोलेरो. गावातल्या मेकॅनिकला तिचं पोट पाठ असतं, सुटे भाग तालुक्याला मिळतात, आणि सात जण सांगितले तिथं अकरा बसतात. बोलेरोबद्दल माझी तक्रार नाही. ती इथल्या मातीची गरज आहे.

पण समृद्धी महामार्गावरून ताशी १२०च्या वेगानं मेहकर किंवा सिंदखेड राजाला उतरून, जुन्या बाजारपेठेत दोन टनांच्या गाडीनं कोथिंबीर घ्यायला थांबणं, ही मातीची गरज नाही. ही दुसरी गरज आहे, आणि तिला मराठीत फार चांगला शब्द आहे. वजन. 'त्यांचं तालुक्यात वजन आहे' असं आपण म्हणतो तेव्हा काटा कुणी आणत नाही. पूर्वी हे वजन घोड्यावरून, वाड्याच्या दरवाज्यावरून, दमणीला जुंपलेल्या खिल्लारी जोडीवरून कळायचं. मग लाल दिवा आला. तो २०१७च्या १ मेपासून गेला. काचांवरची काळी फिल्म २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं काढायला लावली. दिवा गेला, फिल्म गेली. मग मोठेपण दाखवायचं कशानं? गाडीच्या अंगानं. माझा आपला अंदाज, पण बाजार समितीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला उभ्या पांढऱ्या गाड्यांची रांग पाहिली की तो खोटा वाटत नाही.

पॅरिसनं वजन खऱ्या काट्यावर घेतलं. २०२४च्या फेब्रुवारीत तिथं लोकांचं मत घेण्यात आलं: जड गाडीला पार्किंगचा दर तिप्पट करायचा का? मतदानाला सहा टक्केही लोक आले नाहीत, पण आलेल्यांपैकी साडेचौपन्न टक्के 'हो' म्हणाले. ऑक्टोबरपासून बाहेरून येणाऱ्याच्या १.६ टनांवरच्या गाडीला मध्यभागात तासाला १८ युरो पडू लागले. विजेच्या गाडीला सवलत म्हणून मर्यादा दोन टन. आमच्याकडे वजनदार माणसाच्या गाडीला पार्किंगचे पैसे मागायला कोण पुढे होईल, ते तुम्हीच सांगा.

गाडी मोठी झाली म्हणून जागा अडते, ही तक्रार तशी किरकोळ. आपल्याकडे एका मोटारीसाठी आखलेली जागा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब धरतात. फॉर्च्युनर तीत उभी राहते, दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरते, पोट आत घेऊन उतरायचं. युरोपातही हीच रड आहे. तिथली नवी गाडी सरासरी दर दोन वर्षांनी एक सेंटिमीटर रुंद होत गेली, २०१८ मध्ये १७७.८ सेंटिमीटर होती ती २०२३ मध्ये १८०.३ झाली. एवढ्याशा फरकानं काय होतं, असं वाटेल. रांगेत चाळीस गाड्या उभ्या करून बघा.

खरी भीती उंचीची. आणि तिच्यामागचं शास्त्र साधं आहे. जुन्या, ठेंगण्या गाडीची धडक माणसाला गुडघ्याखाली बसते. पाय मोडतात, पण अंग बॉनेटवर लोळतं, धडकेचा जोर पसरतो, आणि माणूस वाचण्याची शक्यता राहते. बॉनेट उंच आणि उभट असलं की तोच फटका कंबरेला, छातीला, आणि पोराच्या डोक्याला बसतो. अंग वर लोळत नाही, पुढे फेकलं जातं, आणि मागून गाडी येतेच. बेल्जियमच्या वियास या रस्तासुरक्षा संस्थेनं २०२३ साली अपघातांचा हिशेब मांडला. बॉनेट दहा सेंटिमीटरनं उंच झालं की पायी आणि सायकलवर असलेल्याच्या मृत्यूचा धोका २७ टक्क्यांनी वाढतो, असं त्यात निघालं. युरोपात नव्या गाड्यांच्या बॉनेटची सरासरी उंची २०१० मध्ये ७७ सेंटिमीटर होती, २०२४ मध्ये ती ८४ झाली.

आकडे बाजूला ठेवून एक प्रयोग करा. कुठल्याही मोठ्या एसयूव्हीच्या नाकाला चिकटून दुसरी-तिसरीतलं पोर उभं करा आणि स्वतः स्टिअरिंगवर बसा. (गाडी बंद ठेवून, चावी खिशात घालून.) मी केला. पोरीची वेणीसुद्धा दिसली नाही. मग तीच पोर छोट्या हत्तीसमोर उभी केली. तिथं बॉनेटच नाही, पोर काचेतून माझ्याकडे बघून जीभ काढत होती. शाळा सुटते तेव्हा आमच्या गल्लीत किती पोरं गाड्यांच्या पुढून-मागून धावतात, ते आठवून मी त्या दिवशी जरा गप्प झालो.

यावर आपण आणखी एक भर घातली. गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात पुढे लोखंडी गार्ड लावायचं. केंद्राच्या परिवहन खात्यानं डिसेंबर २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, कारण लोखंड पायी माणसाला जास्त चेचतं, आणि आतली एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणाऱ्या यंत्रालाही धडकेचा नीट अंदाज येऊ देत नाही. म्हणजे ते आत बसलेल्याच्याही मुळावर. तरी गार्डचा धंदा चालूच आहे. ट्रॅक्टरला धक्का लागला तर रंग जाऊ नये, हे कारण मला एकानं गंभीरपणे दिलं.

आपली राबणारी पिकअप संत आहे, असंही नाही. दीड टनाची मर्यादा असलेल्या हौद्यात किती भरतात, हे पाटे वाकून चाकाला लागतात तेव्हा कळतं. कापूस वेचायला, सोयाबीन सोंगायला बाया त्याच हौद्यात उभ्यानं जातात, धरायला फक्त एक आडवा पाइप. मालवाहू गाडीत माणसं नेणं कायद्यात बसत नाही, आणि वळणावर तोल गेला तर काय होतं हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. पण पहाटे पाचला वावरात पोचायला दुसरं काही मिळत नाही, हेही तितकंच खरं.

वावरात जायची वाट म्हणजे पांदण. तिचंही एक माप आहे आणि ते गुंठ्यातून आलेलं आहे. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट गुणिले तेहेतीस फूट. त्या तेहेतिसाचा पाव म्हणजे सव्वाआठ फूट, ही गावनकाशावर तुटक एकेरी रेघेनं दाखवलेल्या पायवाटेची रुंदी. अर्धा म्हणजे साडेसोळा फूट, इथून एकवीस फुटांपर्यंत गाडीमार्ग, दुहेरी तुटक रेघेचा. गाडी म्हणजे अर्थातच बैलाची, आमच्या भाषेत बंडी. सगळ्या बंड्यांची चाकं जवळपास एका अंतरावर, म्हणून सगळ्यांची एकच चाकोरी. बैलाला हाकायचीही गरज नसे, चाक आपोआप मळलेल्या घळीत बसे. ट्रॅक्टरनं ती चाकोरी मोडली, आणि दोन्ही धुऱ्यांवरून वर्षाला वीतभर आत सरकणाऱ्या नांगरानं पांदणच खाल्ली. साडेसोळा फूट नकाशात राहिले. शेतात कुठं दहा, कुठं आठ. २०२५च्या मे महिन्यात महसूल खात्यानं शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यावी, असं ठरवलं. वाट अडवली तर १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, ती सोय जुनीच आहे.

चार मीटर म्हणजे किती? १.७ मीटरची पिकअप आणि १.८५५ मीटरची मोठी गाडी, दोघींचे आरसे धरले तर काही उरत नाही. एकीला मागे घ्यावंच लागतं. घाटात यासाठी नियम आहे, चढणाऱ्याला आधी वाट. सपाटीवरच्या पांदणीला नियम नाही, पण आजोबांच्या वेळी घरात एक रीत होती: भरलेली बंडी थांबत नाही, रिकामीनं बाजूला व्हायचं. कारण भरल्या बंडीचा बैल एकदा थांबला की पुन्हा उठायला दमतो.

दिवाळीनंतर भाचा आला होता, त्याला वावर दाखवायला नेलं. परतताना पांदणीत कापसानं फुगलेली पिकअप समोरच्या एका पांढऱ्या, मोठ्या गाडीशी नाकाला नाक लावून उभी होती. आत एकटा माणूस, काच बंद, एसी चालू. मिनिटभर कुणीच हललं नाही. मग पिकअपवाल्यानं मान बाहेर काढली, मागं पाहिलं, क्लिनरला ओरडला, "उतर रे, मांगं पाह्य!" आणि सव्वाशे मीटर, कापसासकट, उलटी नेली. भाच्यानं फोटो काढायला फोन वर केला, आणि पुन्हा खिशात ठेवला.